प्रलयाची पैज

उद्यां सकाळीं भाजी कोणती करावयाची, या प्रश्नाचा निकाल ज्या घरांत रात्रीं दहापर्यंत लागत नाहीं, त्या घरांतील मंडळींनीं विश्वाचा शेवट कसा होणार याचा निकाल तासाभरांत लावून टाकावा, हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु आमच्या घरीं श्रावणांतील शेवटच्या शनिवारीं तसें घडलें खरें. आणि तें घडण्यास कारणहि होतें. मनुष्याला जवळचा विषय टाळावयाचा असला, म्हणजे तो दूरचा विषय काढतो. आणि विश्वाच्या अंताहून दूरचा विषय आमच्या मंडळींना त्या रात्रीं सांपडला नाहीं.

जवळचा विषय असा कीं, आमच्या धाकट्या बंधूंची बेंगळूरला बदली झाली असून दसऱ्यानंतर त्यांनीं बिऱ्हाड तिकडे हलवावयाचें ठरलें होतें. आमच्या पुण्याच्या घरीं तीन पिढ्या एका चुलीवर जेवल्या. त्यांतील तीन पानें आतां कमी होणार. ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती आणि म्हणूनच तिच्याविषयीं कोणी बोलत नव्हतें. आम्ही घरांतील कर्ते; तेव्हां प्रथम आम्ही बोलावें हें योग्य. पण महिनाभर आम्हीहि हवापाण्याच्या गोष्टी करून वेळ मारून नेली होती.

त्या रात्रीं पावसानें आमच्या बाजूची वीज घालविली. मुलांचे मोबाईल एकामागून एक मान टाकून पडले आणि सर्व मंडळी निरुपायानें ओसरीवर येऊन बसली. आमचे चिरंजीव कॉलेजांत शिकतात. मोबाईल बंद पडलेला पाहून ते म्हणाले, “झालें! हाच जगाचा शेवट.” त्यावर बंधूंची आठ वर्षांची नमू हिनें विचारलें, “खरा शेवट कसा असतो, दादा?” एवढ्या एका प्रश्नावर पुढील सर्व प्रकरण उभें राहिलें.

“खरा शेवट मी एकदां पाहून बसलें आहें,” आमच्या मातोश्री म्हणाल्या. घरांत त्यांना सर्वजण आजी म्हणतात, म्हणून येथेंहि तसेंच म्हणतों. १९६२ सालच्या फेब्रुवारींत मकर राशींत अष्टग्रही झाली, तेव्हां आजी परकऱ्या मुलगी होत्या. रवि, चंद्र, मंगळ, बुध, गुरु, शुक्र, शनि आणि आठवा केतु असे सर्व एका राशीला आले. आतां जगबुडी होणार या भीतीनें देशभर होमहवनें सुरू झालीं. आजींच्या माहेरीं शेजारच्या एका गृहस्थांनीं जग बुडणारच म्हणून वाण्याची उधारी देण्याचें थांबविलें आणि घरांतील साजूक तूप तीन दिवसांत संपवून टाकलें. ग्रह आले तसे गेले. पुढें चार दिवसांनीं सकाळीं दारांत वाणी उभा, हातांत वही. “त्या गृहस्थांना जगबुडी झाली ती त्या दिवशीं,” असें आजी म्हणाल्या, तेव्हां ओसरीवर मोठा हंशा झाला.

मग अशा फसलेल्या शेवटांची यादीच निघाली. आमचे चुलते नाना यांनीं १९१० सालचा हॅलेचा धूमकेतु काढला. त्याच्या शेपटींत विषारी वायु आहे असें वर्णपटावरून दिसलें आणि मे महिन्यांत पृथ्वी त्या शेपटींतून जाणार असें कळतांच पाश्चात्त्य देशांत घबराट झाली. अमेरिकेंत तर धूमकेतूवर गुणकारी म्हणून गोळ्याहि विकल्या गेल्या. शेपूट इतकी विरळ होती कीं कोणाला शिंकहि आली नाहीं. चिरंजीवांनीं २०१२ सालच्या २१ डिसेंबरची आठवण दिली; माया लोकांची कालगणना त्या दिवशीं एक मोठें चक्र पुरें करीत होती, एवढ्यावरून लोकांनीं जगाचा निकाल लावला होता. आम्हांला यांत एक नियम दिसला, तो येथें नमूद करून ठेवतों. भविष्यवाद्यांची तारीख फार जवळची असते, म्हणून ते खोटे ठरतात; शास्त्रज्ञांची तारीख फार दूरची असते, म्हणून त्यांना खोटें ठरविण्यास कोणी शिल्लक राहत नाहीं. धंदा म्हणून पाहिलें तर दुसराच बरा.

या बोलण्यांतून पैज निघाली. विश्वाचा शेवट कसा होणार, हें प्रत्येकानें सांगावें. ज्याचें खरें ठरेल त्याला इतरांनीं मिळून एक किलो पेढे द्यावे. निवाडा आजींनीं करावा. आमची थोरली कन्या पदार्थविज्ञानाच्या एम्.एस्‌सी.च्या वर्गांत आहे. कोणी मनचें कांहीं ठोकून दिल्यास तिनें अडवावें, असें ठरलें.

पहिला मान वडीलकीचा. नानांनीं बँकेंत आयुष्यभर जमाखर्च पाहिला असून रोज सकाळीं पूजेच्या संकल्पांत ते काळाचा पूर्ण पत्ता सांगतात. हें श्वेतवाराह कल्प, त्यांतील वैवस्वत मन्वंतर, त्यांतील अठ्ठाविसावें कलियुग, त्याचें पहिलें चरण, आणि मग आजची तिथि. नाना म्हणाले, “कलियुग ४,३२,००० वर्षांचें. चारहि युगें मिळून ४३,२०,०००. त्याची हजारपट केली म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, ४ अब्ज ३२ कोटी वर्षांचा. पैकीं सुमारें १ अब्ज ९७ कोटी खर्चीं पडलीं. शिल्लक २ अब्ज ३५ कोटी. नंतर सात सूर्य तापतील, संवर्तक मेघ वर्षतील, सर्वत्र एकच समुद्र होईल. मग तेवढीच मोठी रात्र; आणि पुन्हां सकाळीं नवी वही!” नानांच्या मतें विश्वाला शेवट नाहीं, फक्त वर्षअखेर आहे.

कन्या म्हणाली, “आजोबा, सूर्यापुरतें तुमचें गणित फारसें रागावण्यासारखें नाहीं. सूर्याला साडेचार अब्जांहून थोडीं अधिक वर्षें झालीं आहेत. तो हळूहळू अधिक प्रखर होत आहे. आणखी सुमारें एक अब्ज वर्षांनीं पृथ्वीवरचे समुद्र आटूं लागतील. पांच अब्ज वर्षांनीं तो फुगून तांबडा राक्षसी तारा होईल, बुध व शुक्र यांना गिळील, पृथ्वीलाहि गिळण्याचा संभव आहे. आणि शेवटीं आकसून श्वेतबटू होऊन निवत राहील. पण हा सूर्याचा शेवट झाला, विश्वाचा नव्हे. आपल्याकडची वीज गेली म्हणून सगळें गांव काळोखांत पडत नाहीं.” समोरच्या आळींत दिवे झगझगत होते, त्यामुळें हा मुद्दा कोणालाच खोडतां आला नाहीं. पुराणांतील अब्ज आणि विज्ञानांतील अब्ज हे अधूनमधून जवळ येतात, त्याचें आम्हांलाहि कौतुक वाटतें. पण पुराणांतून विमानें काढणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हे. एवढ्या अवाढव्य काळाची कल्पना करण्यास आमचे पूर्वज भ्याले नाहींत, इतकें श्रेय त्यांस पुरेसें आहे.

दुसरी पाळी बंधूंची. ते यंत्रशास्त्राचे पदवीधर. त्यांनीं समोरच्या चहाच्या कपाकडे बोट केलें. गरम चहा आपोआप निवतो, पण निवलेला चहा आपोआप गरम होत नाहीं. सर्व विश्वाचा व्यवहार असाच एकेरी आहे. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनीं १८५२ सालीं हा विचार मांडला आणि क्लॉसियस यांनीं १८६५ सालीं त्याला एंट्रॉपी असें नांव दिलें. उष्णता सारखी पसरत जाणार. जेथें सर्वत्र सारखेंच तपमान, तेथें कोणतेंहि काम होणें नाहीं. आजच आकाशाचें सरासरी तपमान शून्याखालीं २७० अंश आहे. एकावर चौदा शून्यें इतक्या वर्षांनीं नवे तारे जन्मावयाचे थांबतील आणि जुने विझतील. मागें कृष्णविवरें उरतील. हॉकिंग यांनीं १९७४ सालीं दाखविल्याप्रमाणें तींहि झिजत जातील, आणि सर्वांत मोठीं संपावयास एकावर शंभर शून्यें इतकीं वर्षें लागतील. नाना म्हणाले, “एवढीं शून्यें आम्हीं नोकरींत एकदांच पाहिलीं, आणि ती कारकुनाची चूक निघाली.”

चिरंजीवांना हा सावकाश मृत्यु पसंत पडला नाहीं. त्यांनीं महाविदारणाची बाजू घेतली. १९२९ सालीं हबल यांनीं दाखविलें कीं, दूरच्या दीर्घिका आपल्यापासून दूर जात आहेत, आणि जितकी दूर तितकी तिची गति अधिक. १९९८ सालीं दोन निरनिराळ्या शास्त्रज्ञमंडळांना आढळलें कीं, हें प्रसरण मंदावण्याऐवजीं वाढत आहे. त्याबद्दल २०११ चें नोबेल पारितोषिक दिलें गेलें. ज्या कारणानें हें होतें त्याला कृष्ण ऊर्जा म्हणतात आणि विश्वाच्या भांडवलांत तिचा वांटा शेंकडा ६८ च्या सुमारास आहे. ही ऊर्जा जर दिवसेंदिवस बळावत गेली तर काय होईल, याचें गणित कॉल्डवेल व त्यांचे सहकारी यांनीं २००३ सालीं मांडलें. त्यांच्या एका उदाहरणांत शेवट २२ अब्ज वर्षांवर येतो. शेवटापूर्वीं सहा कोटी वर्षें आकाशगंगा विस्कटते. तीन महिने आधीं सूर्यमालेसारखी ग्रहमाला सुटते. अर्धा तास आधीं पृथ्वी फुटते. आणि अगदीं अखेरीस अणूंच्या चिंधड्या होतात. “तीन महिने आधीं ग्रहमाला सुटते म्हणजे परीक्षा नक्की पुढें ढकलतील,” असें ते म्हणाले. त्यावर सौ. म्हणाल्या, “तुमचा अभ्यास शेवटच्या अर्ध्या तासांतच सुरू होतो. तेव्हां तुमच्यासाठीं कोणी कांहीं ढकलणार नाहीं.”

सौ.ची बाजू अधिक भयंकर, पण त्यांनीं ती फार खुबीनें मांडली. कोलमन व डी लुशिया यांच्या १९८० सालच्या निबंधांत एक शक्यता तपासलेली आहे. ज्याला आपण रिकामें अवकाश म्हणतों, तें कदाचित् पूर्ण स्थिर नसेल. तसें असल्यास कोठें तरी एखादा बुडबुडा उत्पन्न होऊन तो जवळजवळ प्रकाशाच्या वेगानें वाढेल आणि त्याच्या आंत आपल्या ओळखीचें द्रव्य टिकणार नाहीं. प्रकाशालाच पुढें पळून बातमी देतां येत नाहीं, म्हणून सूचना मिळावयाची नाहीं. “मला हाच शेवट पसंत,” सौ. म्हणाल्या. “सूचना देऊन येणाऱ्या प्रत्येक गोष्टीची तयारी या घरांत मलाच करावी लागते.”

धाकट्या सूनबाई एरव्हीं मोठ्यांपुढें फारशा बोलत नाहींत. त्यांनीं हळूच विचारलें, “मुळीं शेवटच नाहीं, असें म्हटलें तर चालेल का?” चालेल, असें कन्येनें सांगितलें, कारण ही बाजू आपल्याच एका माणसानें जन्मभर सांभाळली. जयंत नारळीकर १९३८ सालीं कोल्हापुरांत जन्मले. त्यांचे गुरु फ्रेड हॉईल यांनीं १९४८ सालींच बाँडी व गोल्ड यांच्याबरोबर स्थिर विश्वाची कल्पना पुढें आणली होती: विश्व पसरत असलें तरी नवें द्रव्य निर्माण होत राहतें, त्यामुळें त्याला ना आरंभ ना अंत. १९६५ सालीं सर्व आकाश भरून असलेल्या सूक्ष्मलहरींचा शोध प्रसिद्ध झाला आणि बहुतेक शास्त्रज्ञांनीं महास्फोटाची बाजू घेतली. तरी नारळीकरांनीं हॉईल व बर्बिज यांच्यासह १९९३ सालीं त्या कल्पनेचें सुधारलेलें रूप मांडलें. तींत विश्व आळीपाळीनें पसरतें व आकसतें, पण संपत नाहीं. बहुमत त्यांच्याकडे आलें नाहीं. २०२५ सालच्या मे महिन्यांत पुण्यांत त्यांचें निधन झालें, तोंपर्यंत त्यांनीं आपली शंका सोडली नाहीं. बहुमताविरुद्ध शांतपणें उभें राहण्याचा हा गुण सूनबाईंना आवडला असावा, आम्हांलाहि आवडला.

शेवटीं कन्येनें स्वतःसाठीं सर्वांत अशक्त घोडा निवडला. एके काळीं पुष्कळांना वाटे कीं, गुरुत्वाकर्षणामुळें प्रसरण थांबेल आणि सर्व दीर्घिका परत येऊन एका ठिकाणीं मिळतील. १९९८ नंतर ही कल्पना मागें पडली. परंतु अमेरिकेंत अरिझोना संस्थानांत किट पीक येथील दुर्बिणीवर डेसी नांवाचें एक यंत्र बसविलें आहे. तें एका वेळीं पांच हजार प्रकाशतंतूंनीं दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश टिपतें. त्याच्या २०२४ व २०२५ सालच्या निष्कर्षांत कृष्ण ऊर्जा काळाबरोबर क्षीण होत असावी, असा सुगावा लागला. तो शाबीत झालेला नाहीं. आणि शाबीत झाला तरी दीर्घिका परतच येतील असें नव्हे. “पण निदान दार पुरतें बंद नाहीं,” कन्या म्हणाली. “मी परत येण्यावर पैज लावतें.”

हें बोलतांना तिनें आपल्या काकांकडे पाहिलें नाहीं. तरी ओसरीवर जरा शांतता झाली.

त्या शांततेंत नमूनें विचारलें, “ताई, मग आतां सगळींच एकमेकांपासून दूर चाललीं आहेत का?”

“सगळीं नाहीं. ज्यांना एकमेकांची ओढ पुरेशी आहे, त्यांच्यामधलें अंतर अवकाशाच्या प्रसरणानें वाढत नाहीं. आपली आकाशगंगा, शेजारची देवयानी दीर्घिका आणि पुष्कळशा लहान दीर्घिका असा आपला एक समूह आहे. शंभरएक अब्ज वर्षांनंतर बाहेरच्या दीर्घिका इतक्या दूर जातील कीं त्यांचा उजेडहि येईनासा होईल. पण हा समूह एकत्र राहील.”

“मग बेंगळूर जवळ कीं दूर?”

आमचे बंधू यंत्रशास्त्राचे गृहस्थ, त्यांनीं लगेच उत्तर दिलें, “सुमारें साडेआठशें किलोमीटर.” आणि पुढें त्यांना कांहीं बोलवेना. विश्वाच्या शून्यांची गणना ज्या गळ्यानें बिनदिक्कत केली, तोच गळा साडेआठशें या आंकड्यावर अडला.

कन्येनें नमूला जवळ ओढून घेतलें. “तें अंतरावर नसतें ग, ओढीवर असतें. देवयानी पंचवीस लाख प्रकाशवर्षें दूर आहे. तरी ती दर सेकंदाला शंभराहून अधिक किलोमीटर वेगानें आपल्याकडेच येत आहे.”

“म्हणजे ती नक्की येणार?”

येथें मुलीनें प्रामाणिकपणा सोडला नाहीं, याचा आम्हांला अभिमान वाटला. ती म्हणाली, “पूर्वीं नक्की म्हणत असत. २०२५ सालीं पुन्हां गणित केलें, तेव्हां येत्या दहा अब्ज वर्षांत दोघी मिळून एक होण्याचा संभव निम्मा निघाला. वाटेंत शेजारच्या दीर्घिकांचीहि ओढ असते ना!”

आतां सर्वांचे डोळे आजींकडे लागले. आजींनीं पुष्कळ कीर्तनें ऐकलीं आहेत. त्या म्हणाल्या, “प्रलय चार प्रकारचे सांगितले आहेत: नित्य, नैमित्तिक, प्राकृतिक आणि आत्यंतिक. तुम्ही बसलांत मोठ्यांवर वाद घालीत, आणि पहिला सर्वजण विसरलांत. रात्रंदिवस जें कांहीं सरत असतें, तो नित्य प्रलय. गाढ झोपेलाहि वेदान्ती तेंच नांव देतात. तो या ओसरीवर रोज होतो. तुमचे आजोबा गेले, तेव्हां झाला. तुम्हां मुलांचीं दुपटीं लहान झालीं, तेव्हां झाला. त्याला पैज लावावी लागत नाहीं. दुसऱ्या सकाळीं उठून सडा घालावा लागतो, इतकेंच.”

मग त्यांनीं निवाडा दिला. पैजेचा निकाल लागेपर्यंत पेढे नासतील, म्हणून ते सर्वांनीं मिळून उद्यांच आणावे व खावे. पैज मात्र चालू राहील. पण दर वर्षीं श्रावणांतील शेवटच्या शनिवारीं प्रत्येकानें जातीनें या ओसरीवर येऊन ती नवी केली पाहिजे. जो येणार नाहीं त्याचें विश्व बाद. मोबाईलवरून लावलेली पैज धरली जाणार नाहीं. “भाऊजी, वहींत लिहून ठेवा,” त्या नानांना म्हणाल्या. नानांनीं मेणबत्तीच्या उजेडांत सर्वांचीं नांवें, बाजू व सह्या घेतल्या. सूनबाईंनीं आपल्या नांवापुढें ‘शेवट नाहीं’ असें लिहिलें. नमूनें कोणतीच बाजू घेतली नव्हती. तिनें लिहिलें, ‘मी येणार.’

त्या रात्रीं वीज साडेअकराला आली, तरी आम्ही आणि आमचे बंधू ओसरीवरच बसून होतों. जें महिनाभर बोललों नव्हतों, तें बोललों. त्यांना ही बदली मनापासून हवी होती, आणि आपल्या जाण्यानें घर मोडतें असें आम्हांला वाटेल या भीतीनें त्यांनीं तसें सांगितलें नव्हतें. खरें सांगावयाचें तर आम्हांला तसें वाटतच होतें. एक चूल दोन ठिकाणीं पेटली म्हणजे कुटुंब संपलें, अशी आमची समजूत. आणि तिची तारीख आम्हीहि त्या अष्टग्रहीवाल्यांप्रमाणें फार जवळची धरून बसलों होतों.

विश्वाच्या अंताची थट्टा करण्यास कांहीं हरकत नाहीं. तो टाळणें कोणाच्या हातीं नाहीं आणि पाहणें कोणाच्या नशिबीं नाहीं. अशा गोष्टीला हंसणें हाच शहाणपणा. परंतु आपल्या घरांतील जें जें लहान लहान सरत असतें, त्याची थट्टा करून भागत नाहीं. तेथें वेळींच तोंड उघडावें लागतें, बोलावें लागतें, आणि कधीं जाणाऱ्याच्या हातीं प्रवासाची शिदोरी द्यावी लागते. ओढ असेल तर साडेआठशें किलोमीटर कांहींच नाहींत. नसेल, तर एका ओसरीच्या दोन टोकांमध्येंहि शंभर अब्ज वर्षें मावतात.

रविवारीं सकाळीं पेढे आले आणि संपले. आजींनीं माळ्यावरून जुनें पितळी पुरणयंत्र काढवून सूनबाईंच्या सामानांत ठेविलें. तें कसें चालवावयाचें हें दाखविण्यास आपणच एकदां बेंगळूरला येऊं, असेंहि त्यांनीं सांगून टाकलें. भाजी कोणती करावयाची हा प्रश्न मात्र तोंवर तसाच राहिला होता.